जुन्या जिप्सी-जीपचे शॉकअप: आधी मोजा, मग मागवा

ग्राहकांसाठी माहितीपत्रक

हे पत्रक चारही चाकांना पाटे (लीफ स्प्रिंग) असलेल्या जुन्या फोर बाय फोर गाड्यांच्या शॉकअपसाठी (शॉक अॅब्सॉर्बर) आहे. म्हणजे मारुती जिप्सी (410 आणि 413 दोन्ही), महिंद्रा एमएम 540 आणि त्याच घराण्यातल्या जीप. 2010 ते 2020 मधल्या थार सीआरडीईला पुढे टॉर्शन बार (पिळून स्प्रिंगचे काम करणारी दांडी) आणि मागे पाटे असतात, त्यामुळे त्या गाडीला यातले फक्त मागच्या शॉकअपचे लागू होते.

शॉकअप वजन उचलत नाही

काउंटरवर सगळ्यात जास्त होणारा गैरसमज हाच. गाडी एका बाजूला झुकली, मागून बसली, की ग्राहक शॉकअप मागतात. वजन पाटे पेलतात. खड्ड्यात पाटा दबला की तो परत उसळतो, आणि ती उसळी शमवण्याचे काम शॉकअपचे. आतला पिस्टन तेल बारीक छिद्रांतून ढकलतो, उसळीची ताकद तेलात उष्णता होऊन जिरते. म्हणून झुकलेल्या गाडीचा पाटा तपासा: तुटलेले पान, कापलेला सेंटर बोल्ट (पाने एकत्र धरणारा), ढिले यू बोल्ट (पाटा अॅक्सलला बांधणारे), खाल्लेले शॅकल बुश (शॅकल म्हणजे पाट्याचे टोक चेसिसला जोडणारा हलता दुवा). नवे शॉकअप घालून गाडी उंच होत नाही.

तसेच पन्नास-साठच्या वेगाला स्टेअरिंग जोरात थरथरत असेल, तर त्याचे मूळ बहुधा नकल बेअरिंग, टाय रॉड एंड किंवा व्हील बॅलन्सिंगमध्ये असते. नवे शॉकअप ती थरथर थोडे दिवस झाकतील, बरी करणार नाहीत.

गेलेला शॉकअप ओळखायचा कसा

कारच्या बॉनेटवर दाब देऊन सोडायची युक्ती इथे फसवते. पाट्यांची पाने एकमेकांवर घासतात आणि ते घर्षणच बरीच उसळी खाते. त्यामुळे शॉकअप पूर्ण मेलेला असला तरी उभी जिप्सी दाबून काही कळत नाही. त्याऐवजी दहा-पंधरा किलोमीटर खराब रस्त्यावर गाडी चालवा, थांबवा आणि लगेच चारही शॉकअपच्या नळीला हात लावा (जपून, चटका बसू शकतो). जो काम करतो तो तापतो. एकाच अॅक्सलवरचा एक गरम आणि दुसरा गार असेल, तर गार तो गेलेला.

नळीवर तेलाचा पुसट ओलावा आणि त्यावर धूळ, एवढे चालते. सील थोडे तेल धरूनच काम करते. ओघळ खालच्या बुशपर्यंत आला असेल तर बदला. टायरवर ठरावीक अंतराने खळगे पडणे हीही खूण आहे.

खात्री हवी असेल तर शॉकअप काढून उभा धरा आणि हाताने दाबा-ओढा. ओढताना दाबण्यापेक्षा जास्त जोर लागला पाहिजे आणि तो सगळ्या प्रवासात सारखा लागला पाहिजे. मध्येच मोकळा चालला तर व्हॉल्व्ह झिजला आहे किंवा तेल कमी आहे. पिस्टनचा दांडा अडकत असेल तर तो वाकलेला आहे.

बदलताना एका अॅक्सलचे दोन्ही बदला. चारही बदलायलाच हवेत असे नाही.

मापे: सगळा खेळ इथे आहे

आमच्याकडे परत येणारे बहुतेक शॉकअप मालात खोट म्हणून येत नाहीत, लांबी चुकली म्हणून येतात. जुन्या गाडीचे पाटे बसलेले असतात, किंवा कोणीतरी जादा पान घातलेले असते, लांब शॅकल लावलेले असतात. मग कंपनीचा पार्ट नंबर बरोबर असूनही शॉकअप चुकीचा ठरतो.

गाडी सपाट जागेवर, नेहमीच्या ओझ्यासह उभी करा. वरच्या आणि खालच्या माउंटिंगच्या मध्यापासून मध्यापर्यंतचे अंतर मोजा. हे झाले उभे माप. मग चेसिसवरचा बंप स्टॉपचा रबर (वर येणाऱ्या अॅक्सलला अडवणारा) आणि अॅक्सल यांमधली फट मोजा. रबर स्वतःही सुमारे निम्मा दबतो, हे धरा.

उदाहरणार्थ, उभे माप 400 मिमी, फट 75 मिमी, रबर 50 मिमी उंच. तर 400 वजा 75 वजा 25 म्हणजे 300. पूर्ण दबलेला शॉकअप याहून किमान 10 मिमी आखूड, म्हणजे 290 किंवा कमी हवा. तो जास्त लांब असला, तर मोठ्या खड्ड्यात बंप स्टॉपच्या आधी शॉकअपच तळाला आपटतो. मग दांडा वाकतो, आय (टोकाचे गोल कडे) तुटते किंवा चेसिसवरचा ब्रॅकेट फाटतो. बंप स्टॉपचा रबर गळून पडला असेल तर तो आधी बसवा. नाहीतर चांगल्यात चांगला शॉकअपही टिकणार नाही.

आता उलट टोक. जुना शॉकअप सोडवा (तो लावलेला ठेवला तर तोच अॅक्सलला धरून ठेवतो आणि माप खोटे येते). चेसिस उचलून चाक अधांतरी लोंबू द्या आणि पुन्हा मोजा. पूर्ण उघडलेला शॉकअप या मापापेक्षा 15 ते 20 मिमी लांब हवा. आखूड असेल तर चाक लोंबताना सगळा झटका शॉकअपच्या वरच्या पिनवर येतो आणि ती मानेपाशी तुटते. याच वेळी ब्रेकचा होज ताणला जातो का, तेही पाहा.

दोन्ही अटी एकाच शॉकअपमध्ये बसत नसतील तर बंप स्टॉपखाली पॅकिंग देऊन वरचा प्रवास कमी करावा लागतो. उंची वाढवलेल्या गाडीत हे नेहमी होते. (नोंदणीतल्या तपशिलाबाहेरचे बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 खाली येतात. ते ठरवताना आरटीओचा विचार करा.)

तेलाचा की गॅसचा

साधा दुहेरी नळीचा तेलाचा शॉकअप शहर आणि डांबरी रस्त्याला पुरतो. लांब खडबडीत रस्त्यावर त्यातल्या तेलात हवा मिसळून फेस होतो आणि दाब सुटतो. दुहेरी नळीत कमी दाबाचा नायट्रोजन असला की हा फेस उशिरा होतो. आडवाटांवर फिरणाऱ्या जिप्सीसाठी आम्ही बहुधा हाच सुचवतो. एकेरी नळीचा जास्त दाबाचा शॉकअप लवकर थंड होतो, पण त्याच्या नळीला बाहेरून दगडाने पोचा पडला की पिस्टन तिथेच अडकतो. शिवाय रिकाम्या, हलक्या जिप्सीत तो कडक वाटतो. फार कडक म्हणजे फार चांगला, असे नाही.

बसवताना

आदल्या रात्री नटांवर गंज सोडवणारे तेल मारून ठेवा. कोकणातल्या गाड्यांना दोन रात्री. नट तरीही हलला नाही तर तो कापा, पण गॅसच्या शॉकअपजवळ गॅस कटर पेटवू नका. नळी तापून फुटू शकते.

चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा. जुन्या जीपचा हँडब्रेक ट्रान्सफर केसमागच्या (पुढच्या-मागच्या अॅक्सलला ताकद वाटणारी पेटी) शाफ्टवर असतो. अशा गाडीचे एक मागचे चाक उचलले, की डिफरेन्शियलमुळे (दोन चाकांना वेगवेगळे फिरू देणारे गिअर) ब्रेक ओढलेला असूनही गाडी सरकू शकते. चेसिसखाली स्टँड द्या, नुसत्या जॅकवर खाली शिरू नका. दुसरा जॅक अॅक्सलखाली ठेवा. तो वर-खाली करून भोके जुळवता येतात.

दुहेरी नळीचा शॉकअप गोदामात आडवा पडलेला असतो, त्यामुळे आतल्या नळीत हवा शिरते. बसवण्याआधी उभा धरून पूर्ण उघडा, उलटा करून दाबा, पुन्हा सरळ करून उघडा. असे चार-पाच वेळा करा आणि नंतर आडवा ठेवू नका. हे न केल्याने पहिल्या दिवशी खडखड होते आणि ग्राहक शॉकअप खराब आहे म्हणून परत आणतात. गॅसच्या शॉकअपला दाबून धरणारी पट्टी वरचे टोक बसल्यावरच कापा.

वरच्या पिनचा नट आवळताना दांडा फिरू लागला तर टोकावरच्या चपट्या भागाला पाना लावा. पक्कड किंवा व्हाइस ग्रिप दांड्याच्या चकचकीत भागाला कधीही नाही: एक ओरखडा पडला तरी तो दर खेपेला सील कापतो आणि महिन्याभरात तेल गळू लागते. रबर वायसरच्या कडेपर्यंत फुगला की थांबा. एअर गनने आवळल्याने रबर फाटतो, कधी आटेही जातात.

आय असलेल्या बाजूचे बोल्ट आधी नुसते लावून ठेवा. गाडी चाकांवर उतरवून तिचे वजन पाट्यांवर आल्यावर आवळा. लोंबत्या अवस्थेत आवळलेला बुश कायम पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. सुमारे 500 किलोमीटरनंतर सगळे नट एकदा पुन्हा तपासा.

येताना हे आणा

गाडीचे मॉडेल आणि वर्ष, वर सांगितलेली तीन मापे, बंप स्टॉपच्या रबराची उंची आणि जुन्या शॉकअपच्या दोन्ही टोकांचे फोटो, म्हणजे पिन आहे की आय, आणि बुशचे भोक किती मिमीचे. जुना शॉकअपच आणलात तर उत्तम, पण त्याच्या लांबीवर विसंबून नवा देत नाही, कारण कधीतरी आधीच चुकीचा बसवलेला असतो.