घरगुती अलार्मचा मोबाइल बॅकअप

घरातल्या चोरीच्या किंवा आगीच्या अलार्मचा इशारा एरवी लँडलाइनवरून किंवा ब्रॉडबँडवरून बाहेर जातो. ती वाट बंद पडली तर तोच इशारा मोबाइल नेटवर्कवरून पाठवण्याची सोय म्हणजे मोबाइल बॅकअप. बाजारात त्याला ‘जीएसएम डायलर’ म्हणतात, बोलताना ‘सिमवाला अलार्म’.

अलार्मला दोन कामे असतात, वाजणे आणि कळवणे. मे महिन्यात निम्मी सोसायटी गावी गेलेली असते. अशा वेळी बंद फ्लॅटमधला सायरन कितीही कर्कश असला तरी ऐकणार कोण? म्हणून कळवण्याचे काम जास्त मोलाचे, आणि नेमके तेच एका तारेवर लटकलेले असते. तांब्याची टेलिफोन लाइन बहुतेक इमारतींत बाहेरच्या भिंतीवरून उघडीच वर चढते. पक्कड असलेल्या माणसाला ती तोडायला क्षणभर पुरतो. लाइनवर साधारण ४८ व्होल्टचा दाब असतो. तो नाहीसा झाला की चांगल्या पॅनेलला, म्हणजे अलार्मच्या मुख्य पेटीला, तार तुटल्याचे लगेच कळते, पण दुसरी वाट नसेल तर हे कळूनही त्याला सायरन वाजवण्यापलीकडे काही करता येत नाही.

विजेवर चालणाऱ्या चोर-अलार्मचे पेटंट अमेरिकेत ऑगस्टस पोप यांनी १८५३ मध्ये घेतले. पुढे एडविन होम्स यांनी ते हक्क विकत घेऊन त्यावर व्यवसाय उभा केला. तारेच्या जोडीला मोबाइल आला तो त्यानंतर शतकाहून अधिक काळाने, आणि त्याने एक नवी अडचण आणली : नेटवर्कची पिढीच बंद होते. अमेरिकेत अॅनालॉग (पहिल्या पिढीची) मोबाइल सेवा चालू ठेवण्याचे कंपन्यांवरचे बंधन १८ फेब्रुवारी २००८ रोजी संपले. एटी अँड टीने २०१७ च्या आरंभी टूजी आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये थ्रीजी बंद केले. ऑस्ट्रेलियात टेल्स्ट्राचे टूजी डिसेंबर २०१६ मध्ये थांबले. दर वेळी कपाटातली सुस्थितीतली पेटी बदलावी लागली.

भारतात गोष्ट उलट्या क्रमाने घडली. घराघरांतून इशारे घेणारी नियंत्रण केंद्रे इथे घरगुती पातळीवर फारशी रुजली नाहीत आणि पुष्कळ घरांतून लँडलाइन गेली. त्यामुळे ज्याला बॅकअप म्हणायचे, तीच अनेकदा एकमेव वाट असते. मिस्ड कॉलची आपली सवयही इथे कामी आली. फोन न उचलताच निरोप पोचतो, पैसे पडत नाहीत. हौशी तंत्रज्ञ जुन्या बटणांच्या फोनमधल्या ‘२’ या कळीखाली दोन बारीक तारा डकवून त्या रिलेला (विजेने चालणाऱ्या स्विचला) जोडत. दाराचा चुंबकी स्विच सुटला की रिले ती कळ दाबून धरल्याचा भास निर्माण करी आणि स्पीड डायलवरचा नंबर लागे. मोबाइलला रिले जोडण्याची हीच कल्पना शेतीतही आली. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांचे ‘नॅनो गणेश’ हे दूरच्या विहिरीवरचा पंप मोबाइलवरून चालू-बंद करणारे यंत्र त्याच जातकुळीतले.

आजच्या पॅनेलमध्ये नंबर लावणारे मोबाइल मॉड्यूल, सिम, अँटेना आणि बहुधा १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची सीलबंद लेड-अॅसिड बॅटरी असते. सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते या बॅटरीकडेच. टूजी मॉड्यूल नुसते बसलेले असताना अगदी थोडी वीज घेते, पण नंबर लावताना क्षणभर दोन अँपिअरपर्यंत ओढते. चार वर्षांची थकलेली बॅटरी पॅनेलचा हिरवा दिवा महिनोन्‌महिने तेवत ठेवते. वीज गेलेली असताना कॉल सुरू झाला की दाब कोसळतो, मॉड्यूल रीसेट होते, पुन्हा नेटवर्क शोधते, पुन्हा नंबर लावते, पुन्हा रीसेट होते. म्हणून मीटरवर दिसणाऱ्या आकड्यावर विसंबू नये. मेन स्विच बंद करून प्रत्यक्ष कॉल लावून पाहावा.

दुसरे दुखणे सिमचे. प्रीपेड पॅकची मुदत संपली की सिम जागेवर असते, अँटेनाच्या रेघा पूर्ण दिसतात, पण कॉल जात नाही. मुदत संपल्याचा संदेश त्या सिमवरच येतो आणि तो वाचणारे पेटीत कोणी नसते. जिओची सेवा २०१६ मध्ये सुरू झाली तीच फोरजीवर, त्यामुळे तिचे सिम केवळ टूजी चालणाऱ्या स्वस्त डायलरमध्ये निरुपयोगी ठरते. विकत घेताना हे विचारावे, दुकानदार आपणहून सांगेलच असे नाही.

दोन वाटा खरोखर वेगळ्या आहेत का, हेही पाहावे. राउटर घरच्याच विजेवर चालतो. तो बंद पडला की वायफायवरचा कॅमेरा आणि अॅपचा इशारा दोन्ही एकदम जातात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मुंबईत लँडलाइन आणि मोबाइल दोन्ही मोठ्या प्रमाणावर कोलमडले. मोबाइलचे सिग्नल अडवणारा जॅमर बाळगणे खासगी माणसाला भारतात बेकायदा आहे, पण चोराला कायद्याची भीती ती किती! यावर उपाय म्हणजे पॅनेलने रोज ठरल्या वेळी ‘ठीक आहे’ असा संदेश पाठवणे. तो आला नाही की चौकशी करायची.

नंबर कोणते घालायचे, यावर विचार कमीच होतो. एसएमएस रात्री अडीचला येऊन सकाळी वाचला जातो, म्हणून आधी कॉल हवा आणि तो नंबर फोनच्या ‘डू नॉट डिस्टर्ब’मधून वगळलेला हवा. ११२ हा नंबर डायलरमध्ये घालू नये. पालीने सेन्सर चाळवला तरी आणीबाणीची लाइन अडून राहील. मुले परदेशात आणि पुण्यातला फ्लॅट बंद, अशा घरांत बहुतेक जण मुलाचाच नंबर पहिला घालतात. साध्या सिमवर आयएसडी नसले तर तो लागतच नाही, आणि लागला तरी तिकडून तो करणार काय? पहिला नंबर किल्ली ठेवलेल्या शेजारच्या काकूंचा असावा, तोही त्यांना विचारून, आणि सायरन कसा बंद करायचा ते एकदा त्यांच्याच हातून करून घेऊन.