घर नाही फिरलं, वासेच फिरले

परवा फॅमिली ग्रुपवर एका इंग्लिश खेड्यातल्या घराचा फोटो आला, गवताने शाकारलेलं छप्पर, कुडाच्या भिंती, सगळं किंचित वाकडं, आणि खाली लिहिलेलं की ही घरं मोडलेल्या जहाजांच्या लाकडातनं बांधलीत म्हणून अशी दिसतात. तिकडे गावोगावी ही थाप चालते. फोटो होता ससेक्समधल्या आल्फ्रिस्टनच्या क्लर्जी हाऊसचा, 14व्या शतकातलं घर, जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेने 1896 साली 10 पौंडांना घेतलेली त्यांची पहिली इमारत. आता ते लिस्टेड आहे, म्हणजे परवानगीशिवाय मनमानी फेरफार बंद.

तर वाकडेपणा. सुतार ओक ओलाच वापरायचे, कारण वाळलेला ओक हत्याराला दाद देत नाही. ओल्या लाकडात पाणी दोन जागी असतं, पेशींच्या पोकळीत आणि पेशींच्या भिंतींत. पोकळीतलं आधी उडतं, तेव्हा फक्त वजन घटतं. ओलावा साधारण 30 टक्क्यांच्या खाली गेला की भिंतींतलं निघायला लागतं आणि लाकूड आकसतं, पण सगळीकडे सारखं नाही! वलयांच्या कडेकडेने जेवढं आकसतं त्याच्या जेमतेम निम्मं गाभ्याकडून सालीकडे, कारण त्या दिशेने जाणारे किरणपट्टे लाकूड धरून ठेवतात, आणि लांबीत जवळपास शून्य. म्हणून तुळई उभी तडकते, रेषा तिरक्या असतील तर पिळवटते. वासे फिरतात ते असे.

मग सांधे सुटत का नाहीत? एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत, आणि जिभेचं भोक मुद्दाम जरासं मागे पाडलेलं, त्यामुळे खुंटी ठोकली की ती सांधा आत ओढून घेते. लोखंडी खिळे टाळलेले बरे, ओकमध्ये हिरड्यासारखं टॅनिन भरपूर, ते लोखंड खातं. अशा जुन्या घरांत चुलीपाशी चेटकीण अडवायला कोरलेल्या खुणाही सापडतात, पण सांधे धरून ठेवले ते खुंट्यांनीच.

आणि जहाजाचं म्हणाल तर सुतार आख्खा सांगाडा आधी जमिनीवर जुळवून बघायचे, सांध्यांवर रोमन आकडे कोरायचे, मग सुटा करून उभा करायचे, म्हणजे लाकूड त्या घरासाठीच घडवलेलं. कुठे रिकामी खाच दिसली तर ते लाकूड बहुतेक कुठल्या तरी पाडलेल्या घराचंच असतं.