पेशीत उपरा धातू

पॅलेडियम, रुथेनियम अशा धातूंच्या उत्प्रेरकांचं सोवळं बहुतेक वेळा कडक असतं. द्रावक कोरडा हवा, चंबूतली हवा काढून आर्गॉन भरायचा, गंधकाची संयुगं शक्यतो आसपास नकोत. जिवंत पेशीत याच्या नेमकं उलट. पाणी, क्षार, प्राणवायू आणि जागोजागी गंधक. तिथे या धातूंना कामाला लावायचं, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला तरी खुळचटच वाटलं होतं.

पेशीला धातूंचं वावडं आहे असं नाही. रक्तातला कार्बन डायऑक्साइड हाताळणारं कार्बोनिक अनहायड्रेज हे विकर (एन्झाइम) जस्ताच्या एका अणूच्या जोरावर सेकंदाला सुमारे 10 लाख रेणूंचा निकाल लावतं. पण धातू मोकाट सुटलेला पेशीला चालत नाही. यीस्टच्या पेशीत मोकळ्या तांब्याचा सरासरी एक आयनही नसतो, असं 1999 साली दिसून आलं. तांबं एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे हातोहात जातं, कारण सुटं तांबं विध्वंसक ऑक्सिजन संयुगं तयार करतं. दोन रेणू बटणासारखे चटकन जोडणाऱ्या, 2002 मधल्या गाजलेल्या ‘क्लिक’ अभिक्रियेला तांबंच लागायचं, म्हणून रसायनशास्त्रज्ञ कॅरोलिन बर्टोझी यांनी जिवंत पेशींसाठी तांबं वगळूनच ती घडवून आणली. 2022 च्या नोबेलमध्ये त्यांचाही वाटा होता.

काही जण मात्र धातूचा हट्ट सोडायला तयार नव्हते.

2006 साली क्रेग स्ट्रू आणि एरिक मेगर्स यांनी रोडामाइन या चमकणाऱ्या रंगाला दोन्ही बाजूंनी रासायनिक टोप्या घातल्या. टोप्या असेपर्यंत रंग अंधारा. असा रंग त्यांनी मानवी कर्करोगाच्या पेशींत सोडला आणि मागोमाग रुथेनियमचं संयुग दिलं. टोप्या उडाल्या, सूक्ष्मदर्शकाखाली पेशी हिरव्या उजळल्या. गंमत म्हणजे गंधकाशी वैर असलेल्या या जातीतल्या त्या संयुगाला थायोफिनॉल या गंधकयुक्त पदार्थाचीच मदत लागत होती!

तरी गंधकाचा त्रास खराच. पेशीत ग्लुटाथायोन नावाचा छोटा रेणू मिलिमोलर प्रमाणात, म्हणजे भरपूर असतो. त्याचं गंधकाचं टोक धातूला असं घट्ट चिकटतं की उत्प्रेरकाला दुसरं कोणी भेटतच नाही. काचेच्या भांड्यात हजारो वेळा काम करणारा उत्प्रेरक पेशीत जेमतेम काही वेळा काम करून थंड पडतो. याला उत्प्रेरक म्हणावं की रोजंदारीवरचा मजूर, असा प्रश्न पडतो.

बाझेल विद्यापीठातले थॉमस वॉर्ड यांनी धातूला घरच दिलं. बायोटिन हे जीवनसत्त्व स्ट्रेप्टाव्हिडिन या प्रथिनात पक्कं रुतून बसतं. बायोटिनच्या शेपटीला रुथेनियम बांधलं की तेही प्रथिनाच्या खोबणीत जाऊन बसतं. 2016 साली त्यांच्या गटाने हे कृत्रिम विकर ई. कोलाय जिवाणूच्या आत नव्हे, तर त्याच्या दोन पटलांमधल्या फटीत वसवलं, कारण तिथे ग्लुटाथायोन कमी असतं. जागा हेरण्यातली ही चलाखी मला रसायनापेक्षाही आवडते. शिवाय खोबण प्रथिनाची असल्यामुळे जनुकात बदल करून तिचा आकार पिढ्यान्‌पिढ्या सुधारता येतो. दुहेरी बंधांचे जोडीदार अदलाबदल करणारी आणि निसर्गातल्या कोणत्याही विकराला न जमणारी मेटाथेसिस ही अभिक्रिया या जिवाणूंनी केली.

दुसरी वाट औषधांची. एडिनबरामधल्या संशोधकांनी पॅलेडियम बहुवारिकाच्या (पॉलिमरच्या) बारीक मण्यांवर बसवलं. 5-फ्लुओरोयुरॅसिल हे कर्करोगावरचं जुनं औषध गाठीबरोबर निरोगी पेशींनाही छळतं. पेशीत ते कामाला लागतं, त्याआधी त्याच्या एका नायट्रोजनला शर्करा जोडली जावी लागते. नेमक्या त्या जागी प्रोपार्जिल हा लहान गट बसवला की औषध झोपतं, कारण हा गट काढणारं विकर शरीराकडे नाही. पॅलेडियमला मात्र तो पाण्यातही सहज काढता येतो. 2014 मधल्या या प्रयोगात पेशींना नुसतं झोपलेलं औषध दिलं तर त्या सुखात वाढल्या, नुसते मणी दिले तरी वाढल्या. दोन्ही एकत्र दिल्यावर मेल्या.

कल्पना अशी, की मणी गाठीतच रोवायचा आणि झोपलेलं औषध शिरेतून सगळीकडे फिरू द्यायचं. ते जागं होईल ते गाठीपाशीच. पण गाठ गेल्यावरही मणी तिथेच राहणार. शरीराला पॅलेडियम पचवता येत नाही.