आधी नांगर, मागून टंबलवीड

काउबॉयच्या सिनेमात ओसाड रस्त्यावरून गडगडत जाणारा काटक्यांचा गोळा, म्हणजेच टंबलवीड, आपण सगळ्यांनीच पाहिलेला असतो. अमेरिकेच्या पश्चिमेची ही जणू ओळखच, पण वनस्पती मुळात तिथली नाही. रशियन थिसल, म्हणजे सालसोला ट्रॅगस, हे तण १८७३-७४च्या सुमारास रशियाहून आलेल्या जवसाच्या बियाण्यात मिसळून साउथ डकोटात पोचलं. अमेरिकी कृषी खात्यातले वनस्पतिशास्त्रज्ञ लिस्टर ड्यूई यांनी १८९४मध्ये त्यावर अहवाल लिहिला, तोवर ते कितीतरी राज्यांत फोफावलं होतं. वाऱ्याच्या जोडीला रेल्वेचे डबेही होतेच.

कूळ म्हणाल तर राजगिरा, चाकवत आणि पालकाचं. कोवळ्या रोपाची पानं मऊ, रसरशीत आणि सुईसारखी बारीक असतात. १९३०च्या दशकातल्या दुष्काळात तिथल्या शेतकऱ्यांनी हेच तण कापून गुरांना घातलं. पुढे मात्र नवी पानं आखूड येतात आणि प्रत्येकाच्या टोकाला कडक काटा असतो, त्यामुळे हातमोज्याशिवाय हात लावायची सोय नाही. खोडावर बहुधा लाल-जांभळ्या उभ्या रेघा दिसतात. फुलाला पाकळ्या नसतात. पाकळ्या वाटतात ते फळाभोवतीचे कागदी पंख, कधी गुलाबी झाक असलेले. कोचिया नावाचं तणही असंच गडगडतं, पण त्याची पानं चपटी, लवदार आणि बिनकाट्याची असतात.

शरद ऋतूत झाड वाळतं. जमिनीलगत खोडात पेशींचा एक कमकुवत थर तयार होतो, वारा आला की झाड तिथेच मोडतं आणि सुटतं. मोठ्या झाडावर अडीच लाखांपर्यंत बिया असतात. त्या पानांच्या बेचक्यात अडकलेल्या असल्याने एकदम न सांडता वाटभर पेरल्या जातात. (कोकणच्या पुळणींवरच्या स्पिनिफेक्स गवताचे काटेरी गोंडेही असेच वाळूवरून पळतात.) बीमध्ये साठवलेलं अन्न जवळपास नसतंच. आत असतो तो जिलबीसारखा वेटोळं घातलेला तयार गर्भ. थोडी ओल मिळाली की काही तासांत तो उलगडतो आणि मूळ खाली जातं.

पण माती भुसभुशीत हवी. घट्ट जमिनीत हे कोवळं मूळ शिरत नाही, आणि दाट गवतात रोप तगत नाही. म्हणून खरा दोष बियाण्याच्या पोत्यापेक्षा नांगराला द्यावा असं मला वाटतं. वसाहतकऱ्यांनी हजारो मैल गवताळ रान उकरलं, मधे लोहमार्गांचे भराव टाकले आणि या पाहुण्याला अंथरूण घालून दिलं. आजही ते पडीक शेत, रस्त्याची कड आणि बांधकामाची जागाच धरतं.

उपद्रव किरकोळ नाही. २०१९च्या ३१ डिसेंबरला वॉशिंग्टन राज्यात रिचलंडजवळच्या हमरस्त्यावर या गोळ्यांखाली मोटारी गाडल्या गेल्या आणि रस्ता सुमारे दहा तास बंद राहिला. शिवाय कॅलिफोर्नियात दोन सालसोलांच्या संकरातून सालसोला रायनी ही नवीच जाती निपजली आहे. ती आईबापांपेक्षा जोमदार वाढते, असं रिव्हरसाइडच्या विद्यापीठातल्या संशोधकांना २०१९मध्ये दिसलं.

तणाची एक बाजू मात्र लंगडी आहे. त्याचं बी मातीत फार टिकत नाही, बहुतेक एक-दोन वर्षांतच मरतं. त्यामुळे बी धरण्याआधी रोपं उपटायची आणि मोकळ्या मातीवर गवत धरू द्यायचं, हे दोन-तीन हंगाम नेटाने केलं तर शेत मोकळं होऊ शकतं. अर्थात, शेजाऱ्याचं कुंपण धड असेल तर.