एलियट काउंटीचं सदतिसावं मतदान

अमेरिकेतल्या केंटकी राज्याच्या पूर्वेकडच्या डोंगराळ भागात एलियट नावाची एक काउंटी आहे. काउंटी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे जिल्हा येतो, पण इथली वस्ती आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या गावाएवढी, जेमतेम सात-साडेसात हजार. जवळपास सगळे गोरे. १८६९ साली ही काउंटी झाली आणि १८७२ पासून २०१२ पर्यंत अध्यक्षपदाच्या सलग ३६ निवडणुकांत तिने डेमोक्रॅटिक पक्षालाच आघाडी दिली. १९७२ मध्ये रिपब्लिकन पक्षाच्या निक्सन यांनी ५० पैकी ४९ राज्यं जिंकली, तेव्हासुद्धा! सदतिसाव्या वेळी, २०१६ ला, रिपब्लिकन ट्रम्प यांना इथे ७० टक्के मतं पडली.

नकाशावर हा बदल एका रात्रीत झालेला दिसतो, कारण नकाशाला फक्त कोण पुढे, एवढंच कळतं. आकडे मात्र आधीपासून बोलत होते. २००४ मध्ये डेमोक्रॅट उमेदवाराला जवळपास ७० टक्के, २००८ मध्ये ६१, २०१२ मध्ये ४९, मग २६. राज्यशास्त्रज्ञ व्ही. ओ. की यांनी १९५५ मध्ये मतदारांच्या निष्ठा एका झटक्यात बदलणाऱ्या निवडणुकांचा सिद्धांत मांडला आणि १९५९ मध्ये वर्षानुवर्षं हळूहळू होणाऱ्या सरकण्याचा. एलियटमध्ये मला दोन्ही दिसतात. आधी बांध झिरपत होता, मग फुटला.

इतकी वर्षं तो टिकला कसा? १८६१-६५ च्या यादवी युद्धात उत्तर आणि दक्षिण लढले. त्यात ज्याची जी बाजू, तो पक्ष घराण्यात उतरला: इथे दक्षिणेकडे झुकलेले डेमोक्रॅट, उत्तरेकडचे रिपब्लिकन. याच राज्यातली जॅक्सन काउंटी उत्तरेच्या बाजूची. तिने अध्यक्षपदासाठी डेमोक्रॅटला कधीच आघाडी दिलेली नाही. पण नुसत्या वारशावर दीड शतक निघत नाही, पोटाचीही गाठ लागते. १९३० च्या दशकात डेमोक्रॅट अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या काळात तंबाखूला कोटा आणि हमीभाव मिळाला. डोंगरउतारावरच्या दोन-चार एकरांत बर्ली तंबाखू लावणाऱ्या कुटुंबाला हा आधार केवढा मोठा, हे ऊस किंवा कापूस पिकवणाऱ्याला समजावून सांगावं लागणार नाही. २००४ च्या कायद्याने तो कोटा संपला. कामगार संघटनाही याच काळात क्षीण होत गेल्या. निष्ठेला जिवंत ठेवणारे धागे असे एकेक करून सुटले, असं माझं मत आहे.

इथे ‘मत’ हा शब्द मी जपून वापरतोय. समाजशास्त्रज्ञ विल्यम रॉबिन्सन यांनी १९५० मध्ये एक सापळा दाखवून दिला. १९३० च्या जनगणनेत ज्या राज्यांत परदेशात जन्मलेले लोक जास्त, तिथे साक्षरताही जास्त होती. मग स्थलांतरित अधिक शिकलेले होते का? उलट! माणसं एकेक करून मोजली, तर त्यांच्यात निरक्षर जास्त निघाले. फक्त ते साक्षर राज्यांत जाऊन वसले होते. समूहाच्या आकड्यावरून माणसाचं मन वाचू नये, ते यासाठी. एलियटमधला जुना डेमोक्रॅट खरोखर फिरला, की तो वारला आणि नातवाने वेगळं बटण दाबलं, की आजवर घरी बसणारे बाहेर पडले, हे काउंटीची बेरीज सांगत नाही. शिवाय २०१९ मध्ये गव्हर्नर निवडताना याच काउंटीने पुन्हा डेमोक्रॅट अँडी बेशिअर यांना आघाडी दिली.

खरं उत्तर हवं, तर त्याच माणसांना दर निवडणुकीनंतर विचारत राहावं लागतं. पण अशा पाहणीसाठी देशभरातून हजार माणसं निवडली, तर एलियटचा एकही रहिवासी त्यात नसण्याची शक्यता ९७-९८ टक्के.