हवेत, पाण्यात आणि फुप्फुसात अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू कसे मोजतात : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्या कुपवाड येथील प्रयोगशाळेत एका गावच्या पाणीपुरवठा समितीचे सदस्य एकदा आले होते. गावच्या नळयोजनेत अजूनही जुने एसी (अ‍ॅस्बेस्टॉस-सिमेंटचे) पाइप आहेत आणि त्यांपैकी बरेच पाइप दुरुस्तीच्या वेळी करवतीने कापले जातात, हे त्यांनी सांगितले. मग त्यांनी विचारले, "अमेरिकेत कामगाराच्या हवेत एका घनसेंटिमीटरला ०.१ तंतूपेक्षा जास्त चालत नाही म्हणतात, म्हणजे लिटरला शंभर झाले. आणि पिण्याच्या पाण्यात लिटरला सत्तर लाख चालतात. हे कसे?" दोन्ही आकडे बरोबर आहेत आणि प्रश्नही अगदी रास्त आहे. त्याचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही, म्हणून हे माहितीपत्रक तयार केले आहे. आमच्याकडून किंवा इतर कोणाकडून आपण तपासणी करून घेतली, तर अहवालातला आकडा नेमका कशाचा आहे हे आपल्याला स्वतः वाचता यावे, एवढाच त्यामागचा हेतू आहे.

अ‍ॅस्बेस्टॉस हे एका खनिजाचे नाव नव्हे. सहा तंतुमय खनिजांना मिळून व्यापारात आणि कायद्यात हे नाव दिले जाते. त्यांपैकी क्रायसोटाइल, म्हणजे पांढरा अ‍ॅस्बेस्टॉस, हा सर्पेंटाइन गटातला आहे; क्रोसिडोलाइट (निळा), अमोसाइट (तपकिरी), ट्रेमोलाइट, अ‍ॅन्थोफिलाइट आणि अ‍ॅक्टिनोलाइट हे पाच अँफिबोल गटातले आहेत. आपल्याकडच्या सिमेंटच्या पत्र्यात आणि एसी पाइपांत प्रामुख्याने क्रायसोटाइल असतो. हा भेद लक्षात ठेवावा, कारण पुढे फुप्फुसाच्या तपासणीचा विषय येईल तेव्हा सगळा अर्थ त्यावरच अवलंबून असतो.

हवेची तपासणी

हवेतला तंतू थेट मोजणारे यंत्र आमच्याकडे नाही. आम्ही हवा गाळतो आणि गाळणीवर काय अडकले ते माणूस डोळ्यांनी मोजतो. कामगाराच्या गळपट्टीजवळ, नाकातोंडापासून वीतभर अंतरावर, काळ्या रंगाची एक छोटी नळीसारखी कॅसेट तोंड खाली करून लावली जाते. तिच्यात २५ मिलिमीटर व्यासाची सेल्युलोज एस्टरची पांढरी गाळणी असते आणि कमरेला बांधलेला पंप तिच्यातून ठरलेल्या वेगाने हवा ओढतो. कॅसेटची नळी काळी असते कारण ती वीजवाहक प्लास्टिकची असते. साध्या प्लास्टिकवर स्थिर विद्युत साठते आणि तंतू गाळणीवर न जाता भिंतीला चिकटतात. याच कारणाने नमुने आणताना कॅसेट थर्मोकोलच्या डब्यात ठेवू नये, असे आम्ही प्रत्येकाला सांगतो.

प्रयोगशाळेत गाळणीचा तुकडा काचपट्टीवर ठेवून अ‍ॅसिटोनच्या वाफेने पारदर्शक केला जातो आणि फेज कॉन्ट्रास्ट सूक्ष्मदर्शकाखाली सुमारे ४०० पट मोठा करून पाहिला जातो. नेत्रिकेत, म्हणजे डोळा लावायच्या भिंगात, १०० मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) व्यासाचे एक वर्तुळ कोरलेले असते. त्या वर्तुळात जो तंतू ५ मायक्रॉनपेक्षा लांब, ३ मायक्रॉनपेक्षा बारीक आणि रुंदीच्या निदान तिप्पट लांब असेल, तोच धरला जातो. दोन्ही टोके वर्तुळात असली तर एक, एकच टोक आत असेल तर अर्धा, आणि दोन्ही टोके बाहेर असली तर शून्य, असा नियम आहे. मोजणारी व्यक्ती कागदावर "अर्धा, एक, अर्धा" अशी टीप ठेवत शंभर वर्तुळे पाहते, किंवा त्याआधीच शंभर तंतू भरले तर (पण किमान वीस वर्तुळे पाहून) थांबते. भारतीय मानक आयएस ११४५० मध्ये हीच गाळणी पद्धत दिलेली आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ च्या निकालात अ‍ॅस्बेस्टॉसच्या कारखान्यांना ही चाचणी अवलंबण्यास सांगितले होते. त्याच निकालात कामगाराची आरोग्यनोंद नोकरी सुरू झाल्यापासून ४० वर्षे, किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षे, यांपैकी जे नंतर येईल तोपर्यंत जपण्याचाही आदेश आहे. श्वासातून गेलेल्या अ‍ॅस्बेस्टॉसमुळे होणारा फुप्फुसाचा रोग दिसायला वीस ते चाळीस वर्षे लागतात, म्हणून इतक्या दीर्घ मुदतीची गरज आहे.

आता आकडा कसा निघतो ते पाहू. समजा, पंप मिनिटाला २ लिटर हवा ओढत २४० मिनिटे चालला, म्हणजे ४८० लिटर हवा गाळली गेली. शंभर वर्तुळांत १० तंतू दिसले आणि न वापरलेल्या कोऱ्या गाळणीवर तेवढ्याच वर्तुळांत २ दिसले, तर निव्वळ ८ उरले. एक वर्तुळ हे गाळणीच्या वापरलेल्या ३८५ चौरस मिलिमीटर क्षेत्राचा साधारण ४९ हजारावा भाग असते, म्हणजे शंभर वर्तुळे पाहिली तरी आपण गाळणीचा चारशे नव्वदावा भागच पाहिलेला असतो. म्हणून ८ ला सुमारे ४९० ने गुणावे लागते, आणि मग आलेले साधारण ३,९०० तंतू ४ लाख ८० हजार घनसेंटिमीटर हवेत विभागले की ०.००८ तंतू प्रति घनसेंटिमीटर असे उत्तर येते. कोऱ्या गाळणीचे शुल्क कशासाठी, असे काही ग्राहक विचारतात. वरच्या उदाहरणात ती नसती तर आकडा पाव हिश्शाने फुगला असता, हेच त्याचे उत्तर आहे.

याच हिशेबातून आमच्या अनुभवातला सर्वांत मोठा गैरसमज दूर होतो. शंभर वर्तुळांत साधारण साडेपाच तंतूंपेक्षा कमी दिसले, तर ते विश्वासाने सांगता येत नाही आणि अहवालात "आढळले नाही" असे लिहावे लागते. परंतु चार तास हवा गाळली असेल तर त्याचा अर्थ ०.००६ पेक्षा कमी असा होतो, आणि त्याच पंपाने केवळ अर्धा तास गाळली असेल तर ०.०४५ पेक्षा कमी एवढाच होतो. शब्द तेच राहतात आणि अर्थ आठपट बदलतो. त्यामुळे गाळलेल्या हवेचे लिटर लिहिलेले नसलेला अहवाल आपण स्वीकारू नये, अशी आमची स्पष्ट विनंती आहे.

मग पंप दिवसभर का चालवू नये? आम्हीही एकदा तसे केले होते. मार्केट यार्डाजवळच्या एका हळदीच्या गोदामात, जिथे पत्रे बदलण्याचे काम चालू होते, आम्ही पूर्ण पाळीभर पंप लावला, आणि संध्याकाळी कॅसेट उघडली तेव्हा गाळणी हळदीच्या धुळीने इतकी पिवळीधमक झाली होती की सूक्ष्मदर्शकाखाली एक वर्तुळही वाचता येईना. चूक आमची होती, म्हणून दुसऱ्या दिवशी विनाशुल्क पुन्हा नमुने घेतले, आणि तेव्हापासून धुळीच्या जागी आम्ही दर दीड-दोन तासांनी गाळणी बदलतो.

दुसरी मर्यादा यंत्राची आहे. साध्या प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाला साधारण पाव मायक्रॉनपेक्षा बारीक तंतू दिसत नाही, आणि क्रायसोटाइलचा एकेरी तंतू त्याच्या दहाव्या हिश्श्याइतका बारीक असू शकतो. शिवाय या सूक्ष्मदर्शकाला तंतू कशाचा आहे हे कळत नाही. विट्याच्या यंत्रमाग शेडमध्ये गाळणी लावली तर कापसाचे तंतूही नियमात बसतात आणि मोजले जातात. काचलोकर आणि जिप्समचेही तसेच. अशा ठिकाणी आकडा जास्त आला म्हणून घाबरून जाऊ नये, पण तो तसाच सोडूनही देऊ नये. तोच नमुना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहून, तंतूची स्फटिकरचना आणि त्यातली मूलद्रव्ये तपासून, तो अ‍ॅस्बेस्टॉस आहे की नाही हे ठरवता येते. ती सोय आमच्याकडे नाही. तसे नमुने आम्ही बाहेरच्या प्रयोगशाळेकडे पाठवतो आणि अहवालात तसे नमूद करतो.

मर्यादांविषयी थोडक्यात सांगायचे तर, अमेरिकेत १९९४ पासून आठ तासांच्या सरासरीला ०.१ तंतू प्रति घनसेंटिमीटर ही मर्यादा आहे आणि युरोपीय संघाने २०२३ च्या निर्देशाने ती ०.०१ वर आणली आहे. आपल्या कारखान्याला लागू असलेली मर्यादा आम्ही औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या नियमांनुसार अहवालात लिहितो. ०.१ हा आकडा दिसायला किरकोळ वाटतो. प्रत्यक्षात घनमीटरला एक लाख तंतू होतात, आणि काम करणारा माणूस पाळीभरात साधारण दहा घनमीटर हवा आत घेतो.

पाण्याची तपासणी

समितीच्या प्रश्नाचे उत्तर येथे येते. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने पिण्याच्या पाण्यासाठी ठरवलेली लिटरला ७० लाख तंतूंची मर्यादा ही १० मायक्रॉनपेक्षा लांब तंतूंपुरती आहे, आणि ते इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दहा ते वीस हजार पट मोठे करून मोजलेले असतात. म्हणजे हवेच्या तपासणीत जे बारीक तंतू दिसतही नाहीत, ते येथे दिसतात आणि मोजले जातात. मोजण्याचे भांडेच वेगळे असल्यामुळे दोन्ही आकडे शेजारी ठेवून लहानमोठे ठरवता येत नाहीत. त्याहून महत्त्वाचे कारण शरीरात आहे. श्वासातून गेलेला तंतू फुप्फुसाच्या खोल भागात अडकून वर्षानुवर्षे राहू शकतो, तर गिळलेल्या तंतूंपैकी बहुतेक विष्ठेवाटे बाहेर पडतात. पाण्यातून गेलेला अ‍ॅस्बेस्टॉस आरोग्याला घातक असल्याचा सुसंगत पुरावा न मिळाल्यामुळे जागतिक आरोग्य संघटनेने पाण्यासाठी मार्गदर्शक आकडा ठरवलेला नाही. मात्र पाण्यात मिसळणारे तंतू शक्य तितके कमी ठेवावेत, असेच तज्ज्ञांचे म्हणणे आहे.

म्हणून त्या समितीला आम्ही पाण्याची महागडी तपासणी सुचवली नाही. पाइप करवतीने कोरडा कापणारा प्लंबर तेथे खऱ्या धोक्यात होता. कापण्याची जागा सतत पाण्याने ओली ठेवणे, वीज-कटर अजिबात न वापरणे, तुकडे पिशवीत बांधणे आणि तेवढ्या वेळेतली हवा तपासणे, यावर पैसे खर्च करावेत असे आम्ही सांगितले. तरीही ज्यांना पाणी तपासून घ्यायचे आहे, त्यांनी आम्ही दिलेल्या स्वच्छ बाटल्यांतच, प्रत्येकी साधारण एक लिटर असे दोन नमुने घ्यावेत, त्यात आम्ल घालू नये, बाटली अंधारात व थंड ठेवावी आणि त्याच दिवशी आमच्याकडे पोहोचवावी. नमुना ४८ तासांत गाळला गेला नाही तर जंतू वाढून तंतू त्यांच्या थरात गुंततात, आणि मग ओझोन व अतिनील किरणांनी तो थर जाळून काढावा लागतो.

फुप्फुसाच्या ऊतीची तपासणी

मिरजेत उपचार घेणाऱ्या रुग्णांचे नातेवाईक कधी कधी थेट आमच्याकडे येतात आणि "बाबांच्या फुप्फुसात किती तंतू आहेत ते मोजून द्या" असे म्हणतात. त्यांची तळमळ आम्हाला समजते, म्हणून हे स्पष्टपणे सांगतो. केवळ मोजणीसाठी कोणाच्याही फुप्फुसाचा तुकडा काढला जात नाही. शस्त्रक्रियेत काढलेली किंवा शवविच्छेदनात घेतलेली ऊती असेल, तरच आणि डॉक्टरांच्या पत्रानेच ही तपासणी होते, आणि ती आम्ही करत नाही. छातीच्या एक्स-रे किंवा सीटी स्कॅनमध्ये तंतू दिसत नाहीत. त्यांनी केलेले व्रण तेवढे दिसतात.

या तपासणीत गाठीचा भाग सोडून घेतलेली ऊती ब्लीचसारख्या रसायनाने विरघळवतात किंवा कमी तापमानावर राख करतात, उरलेले गाळतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. काही तंतूंवर शरीराने लोहयुक्त प्रथिनाचा सोनेरी-तपकिरी थर चढवलेला असतो; मण्यांची माळ ओवल्यासारखा दिसणारा हा तंतू साध्या सूक्ष्मदर्शकातही ओळखू येतो आणि त्याला अ‍ॅस्बेस्टॉस बॉडी म्हणतात. १९९७ मध्ये हेलसिंकी येथे तज्ज्ञांनी ठरवलेल्या निकषांनुसार, कोरड्या ऊतीच्या एका ग्रॅममध्ये १,००० पेक्षा जास्त अशा बॉडी, किंवा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने मोजलेले ५ मायक्रॉनपेक्षा लांब १ लाखाहून अधिक अँफिबोल तंतू, किंवा १ मायक्रॉनपेक्षा लांब १० लाखांहून अधिक अँफिबोल तंतू आढळले, तर त्या व्यक्तीचा कामावर अ‍ॅस्बेस्टॉसशी संबंध आला असण्याची दाट शक्यता मानावी. अहवालात "कोरडी" की "ओली" ऊती हे आवर्जून पाहावे, कारण ओल्या ऊतीचे वजन कोरडीच्या साधारण दहापट असते आणि आकडाही त्याच प्रमाणात बदलतो.

हे निकष अँफिबोलचे आहेत, याकडे आम्ही पुन्हा लक्ष वेधू इच्छितो. क्रायसोटाइल फुप्फुसात तुटतो, विरतो आणि तुलनेने लवकर निघून जातो. तीस वर्षे सिमेंटच्या पत्र्याच्या कारखान्यात काढलेल्या माणसाच्या ऊतीत तंतू कमी सापडले, तर त्याचा अ‍ॅस्बेस्टॉसशी संबंध आलाच नाही असे म्हणता येत नाही. तेथे ऊतीपेक्षा कामाचा इतिहास जास्त बोलतो, म्हणजे कोणत्या खात्यात, किती वर्षे, पोती कोण फोडत असे, सुटीच्या दिवशी झाडलोट कोण करत असे. आपल्या घरातल्या वडीलधाऱ्या माणसांनी असे काम केले असेल, तर त्यांचे जुने हजेरी कार्ड, पगारपत्रक आणि ईएसआयची कागदपत्रे जपून ठेवावीत आणि डॉक्टरांना दाखवावीत.

आमच्याकडे येण्यापूर्वी

घराच्या, गोठ्याच्या किंवा बेदाण्याच्या गोदामाच्या छतावर सिमेंटचे अखंड पत्रे असतील, त्यांना कोणी हात लावत नसेल, तर हवेची तपासणी करून घेण्यात अर्थ नाही आणि आम्ही ती करण्याचा आग्रह धरत नाही. पावसाळ्यापूर्वी छतावर चढून शेवाळ तारेच्या ब्रशने घासणे, जे-हूकसाठी कोरडे भोक पाडणे किंवा पुरात फुटलेले पत्रे कुदळीने तोडणे, यांतून तंतू उडतात; ती कामे थांबवावीत किंवा पत्रा भिजवून हलक्या हाताने करावीत. पत्र्यात अ‍ॅस्बेस्टॉस आहे की नाही एवढेच हवे असेल, तर हवेऐवजी पत्र्याचीच तपासणी करावी. ती स्वस्त पडते. पत्र्यावर पाणी मारून, नाकाला मास्क लावून, अंगठ्याच्या नखाएवढा तुकडा चिमट्याने तोडावा, ओल्या कागदात गुंडाळून एकात एक अशा दोन झिपच्या पिशव्यांत घालावा आणि जागेचे नाव व तारीख बाहेरच्या पिशवीवर लिहावी. दुधाच्या फाटक्या पिशवीत भुगा घेऊन येऊ नये. तसा आणलेला नमुना आम्ही पिशवीसकट बंद करून परत पाठवतो.

आमच्या प्रत्येक अहवालासोबत मोजणीच्या तक्त्याची प्रत दिली जाते, ज्यात प्रत्येक वर्तुळातले तंतू, गाळलेले लिटर, कोऱ्या गाळणीचा आकडा आणि मोजणाऱ्याची सही असते. दर दहा काचपट्ट्यांमागे एक काचपट्टी दुसरी व्यक्ती पहिला आकडा न पाहता पुन्हा मोजते, आणि दोघांत मोठी तफावत आली तर ती संपूर्ण तुकडी नव्याने मोजली जाते. अशा वेळी अहवाल एक-दोन दिवस उशिरा मिळेल, याची ग्राहकांनी कृपया नोंद घ्यावी.