एक पॉइंट, दोन कामं

अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, १९८४च्या प्रीमियर पद्मिनीच्या ग्लोव्ह बॉक्समध्ये कायम एक पेचकस, एक व्हिजिटिंग कार्ड आणि एक काडेपेटी असायची. अण्णांनी आयुष्यात सिगरेट ओढलेली नाही. काडेपेटी होती पॉइंट घासायला, म्हणजे इंजिनात ठिणगी पाडण्यासाठी वीज तोडणाऱ्या दोन टिकल्या घासायला. बडोद्यात दांडिया बाजारातून निघालेली गाडी रावपुऱ्याच्या गर्दीत आचके द्यायला लागली, की ते शांतपणे बोनेट उघडायचे, डिस्ट्रिब्युटरच्या, म्हणजे प्रत्येक सिलिंडरच्या प्लगला वीज वाटणाऱ्या डबीच्या, टोपीच्या दोन क्लिपा सोडवायचे, आत फिरणारा रोटर उपसायचे आणि काडेपेटीची खरखरीत पट्टी फाडून पॉइंटांच्या मध्ये चार वेळा फिरवायचे. मग कार्ड सरकवून गॅप बघायची. गॅप जवळपास ०.४ मिलिमीटर लागते आणि जाडसर व्हिजिटिंग कार्डही साधारण तेवढंच असतं, हे मला पुढे कळलं. गॅप मोजायचं फीलर गेज घरी कपाटात होतं, पण ते कपाटातच असायचं.

गेल्या काही वर्षांत मात्र हा विधी फार वेळा व्हायला लागला. नवा पॉइंट चार महिन्यांत काळा पडायचा. मिस्त्री दर वेळी एकच वाक्य म्हणायचे, ‘पॉइंट बळी गया छे.’ म्हणजे पॉइंट जळलेत. आणि वर, ‘हवे मालमां दम नथी.’ आता मालात दम नाही. म्हणून शेवटी पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन, म्हणजे ठिणगी पाडणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा, बसवायचं ठरलं. अण्णांना ते पटलेलं नव्हतं. इतकी वर्षं चाललेल्या वस्तूत खोट काय, हा त्यांचा प्रश्न. तो प्रश्न रास्त होता, आणि त्याचं उत्तर शोधताना मला पॉइंट नावाची ही चिमुकली वस्तू पहिल्यांदा नीट कळली.

घरातला पंखा बंद करताना बटणाच्या फटीतून कधी कधी निळी ठिणगी दिसते. पंख्याच्या आत तारेची वेटोळी असतात. वेटोळ्यातून वीज वाहते तेव्हा भोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं. वीज तोडली की ते क्षेत्र कोसळतं आणि कोसळताना स्वतःच वीज निर्माण करतं, जणू चालू असलेला प्रवाह थांबू द्यायचा नाही असा त्याचा हट्ट असतो. तोडणं जितकं झटक्याने, तितका व्होल्टेजचा उसळा मोठा. पेट्रोल गाडीचं जुनं इग्निशन हा हट्टच कामाला लावतं.

गाडीच्या कॉइलमध्ये दोन वेटोळी असतात. एक जाड तारेचं, काहीशे वेढ्यांचं. दुसरं केसासारख्या तारेचं, हजारो वेढ्यांचं. जाड वेटोळ्यातून बॅटरीचा ३-४ अँपिअर प्रवाह सोडायचा आणि अचानक तोडायचा. क्षणभर त्या जाड वेटोळ्यातच दोन-तीनशे व्होल्ट उसळतात आणि बारीक वेटोळ्यात त्याच्या सुमारे शंभरपट. पंधरा-वीस हजार व्होल्ट प्लगपाशी पोचले, की तिथली फट ओलांडून ठिणगी पडते. बारा व्होल्टच्या बॅटरीतून हे निघतं, तेही एकाही इलेक्ट्रॉनिक भागाशिवाय. ही रचना चार्ल्स केटरिंग या अमेरिकन अभियंत्याची. १९१०च्या कॅडिलॅक गाड्यांत ती आली आणि पुढची साठेक वर्षं जगभरच्या गाड्या थोड्याफार फरकाने तिच्यावरच धावल्या.

प्रवाह तोडणारा तो पॉइंट. टंगस्टनच्या दोन टिकल्या, एक स्थिर, एक हलणारी. मध्ये फिरणाऱ्या दांड्याला चार कोपरे असतात. प्रत्येक कोपरा हलणाऱ्या टिकलीच्या फायबरच्या टाचेला ढकलतो, टिकल्या विलग होतात, ठिणगी पडते. चार सिलिंडरचं इंजिन ३००० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला ३००० फेऱ्यांनी, फिरतं तेव्हा हे सेकंदाला १०० वेळा घडतं. बडोद्याहून अहमदाबाद सुमारे ११० किलोमीटर. पद्मिनीच्या टॉप गिअरचा हिशेब मांडला तर तेवढ्यात पॉइंट पाच लाखांच्या आसपास वेळा उघडतो.

आता खरी अडचण. टिकल्या विलग होऊ लागतात तेव्हा सुरुवातीला त्यांच्यात केसाएवढीच फट असते, आणि व्होल्टेजचा उसळा तर त्याच क्षणी येतो. मग प्लगऐवजी वीज इथेच उडी मारते, पंख्याच्या बटणात मारते तशी. ते टाळायला शेजारी कंडेन्सर असतो, ०.२ मायक्रोफॅरडच्या आसपासचा. उसळा आधी त्यात शिरतो आणि तेवढ्या अवधीत फट पुरेशी रुंदावते. कंडेन्सर बाद झाला तर पॉइंट भराभर जळतो आणि ठिणगीही पिवळट, मरतुकडी पडते. आमच्याकडे बरेचदा दोष त्याचाच असणार, पण नवा पॉइंट घातला की गाडी दोन दिवस बरी चालायची आणि कंडेन्सर नामानिराळा राहायचा.

कंडेन्सर चांगला असला तरी थोडी जळजळ राहतेच. एका टिकलीवरचा धातू दुसरीवर जातो, इकडे खड्डा, तिकडे टेंगूळ. फायबरची टाच झिजते, त्यामुळे फट हळूहळू अरुंद होते, पॉइंट उशिरा उघडतो आणि इंजिनाचं टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, मागे पडतं. म्हणजे झीज होते एका जागी आणि बिघाड होतात दोन. कारण या एवढ्याशा वस्तूवर दोन वेगळी कामं लादली आहेत. ठिणगी कधी पाडायची हे सांगायचंही तिनेच आणि चार अँपिअरचा प्रवाह तोडायचाही तिनेच. देवळातल्या गुरवाने मुहूर्तही काढायचा आणि मांडवाचे खांबही उपटायचे, असला प्रकार.

इलेक्ट्रॉनिक इग्निशन ही दोन कामं वेगळी करतं. तोडायचं काम ट्रान्झिस्टरकडे जातं. त्यात उघडणारं काही नाही, त्यामुळे जळणारंही नाही. वेळ सांगायचं काम चुंबकाकडे. दांड्याच्या कोपऱ्यांवर एक कडं बसवतात, त्यात चार सिलिंडरसाठी चार छोटे चुंबक असतात, आणि पॉइंटच्या जागी एक सेन्सर. एडविन हॉल या अमेरिकन विद्यार्थ्याने १८७९मध्ये सोन्याच्या वर्खातून वीज सोडून त्यावर काटकोनात चुंबक धरला, तर वर्खाच्या दोन कडांमध्ये अगदी किंचित व्होल्टेज आढळलं. तेव्हा इलेक्ट्रॉनचा शोधही लागायचा होता. आमच्या गाडीतल्या सेन्सरचं तत्त्व तेच, फक्त वर्खाऐवजी अर्धवाहक. चुंबक समोरून गेला की सेन्सरला कळतं आणि ट्रान्झिस्टर प्रवाह तोडतो. काही संचांत चुंबकाऐवजी अवरक्त प्रकाशाचा किरण आणि तो अडवणारी चकती असते.

याचा सर्वांत मोठा फायदा कुठे मिळतो? मला वाटलं होतं, महामार्गावर. तसं नाही. तो मिळतो सेल्फ मारताना. तेव्हा इंजिन संथ फिरतं, पॉइंट सावकाश उघडतो आणि त्यातच थोडी वीज वाया जाते. शिवाय सेल्फने बॅटरीचं व्होल्टेज नऊ-दहावर खेचलेलं असतं. ट्रान्झिस्टरला इंजिन किती वेगाने फिरतंय याच्याशी देणंघेणं नाही. तो एकाच झटक्याने तोडतो. मायलेज वाढतं, पिकअप दुप्पट होतो वगैरे दुकानात ऐकू येतं, त्यावर मी फार विसंबणार नाही. नुकता नीट लावलेला पॉइंट आणि हे यंत्र, यांत चालवताना फारसा फरक जाणवत नाही. फरक सहा महिन्यांनी कळतो, कारण पॉइंट तोवर बदललेला असतो आणि हे बदललेलं नसतं.

बसवायला आम्हाला तासभरही लागला नाही. सेन्सरच्या दोन तारा, लाल कॉइलच्या प्लसला, काळी मायनसला. पण आधी मिस्त्रींनी मल्टिमीटरने कॉइलचा रोध मोजला, आणि हे मोजल्याशिवाय कुणीही हात घालू नये. ३ ओहमच्या कॉइलमधून १२ व्होल्टला ४ अँपिअर जातात, दीड ओहमच्या कॉइलमधून ८. पॉइंट ते काही काळ सोसेल, स्वस्तातलं मॉड्यूल, म्हणजे सेन्सर आणि ट्रान्झिस्टरचा हा संच, तापून मरेल. जुन्या इंग्लिश गाड्यांपैकी कित्येकींत बॅटरीचा प्लस बॉडीला जोडलेला असतो. तिथे मायनस-अर्थचं, म्हणजे मायनस बॉडीला जोडलेल्या गाडीसाठीचं, मॉड्यूल लावलं तर ते पहिल्याच क्षणी गेलं समजा. इंजिन बंद ठेवून गाणी ऐकायला चावी फिरवून बसायची सवयही सोडावी लागते, कारण काही संचांत तेवढा वेळ कॉइलमधून प्रवाह सुरूच राहतो. आणि टायमिंग पुन्हा लावावंच लागतं. चुंबकाचा क्षण आणि पॉइंटचा क्षण तंतोतंत जुळत नाहीत. वेगानुसार टायमिंग पुढे नेणारी वजनं आणि व्हॅक्यूमची डबी मात्र जुनीच काम करत राहतात. त्या झिजलेल्या असतील तर झिजलेल्याच राहतात.

जानेवारी २०२३मध्ये बडोद्याच्या लक्ष्मी विलास पॅलेसच्या आवारात जुन्या गाड्यांची मोठी स्पर्धा भरली होती. असल्या ठिकाणी गाडीचा मूळपणा तपासतात. तिथे काय करायचं, हा शौकिनांचा नेहमीचा पेच. मॉड्यूल टोपीखाली दडतं, बाहेर दिसतात त्या फक्त दोन तारा. पण दडलं म्हणजे मूळ झालं असं नाही, असं माझं मत. रोजच्या वापराच्या गाडीला मात्र हा नियम लावायचं कारण नाही.

मॉड्यूल बसलं जूनच्या पहिल्या आठवड्यात. पहिला जोराचा पाऊस झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी तीन सिलिंडरवर फडफडायला लागली. अण्णा काही बोलले नाहीत, नुसते माझ्याकडे बघत राहिले. मीही मनातून मॉड्यूललाच दोष दिला. मिस्त्रींनी टोपी काढून उजेडात धरली. आतल्या बाजूला पेन्सिलीने ओढल्यासारखी एक काळी, वेडीवाकडी रेघ होती. बारीक तड्यात ओल साचली होती, पंधरा हजार व्होल्टना प्लगपर्यंत जाण्याऐवजी ती वाट सोपी पडली आणि जाता जाता त्यांनी बॅकेलाइट जाळून कार्बनची पायवाट पाडली. पॉइंट असता तरी हेच झालं असतं. नवी टोपी, नवा रोटर, अर्धा तास.

जुना पॉइंट कंडेन्सरसह त्याच्या प्लेटवर तसाच ठेवला आहे, गुळाच्या रिकाम्या डब्यात, डिकीत. मॉड्यूल मरतं तेव्हा पूर्वसूचना देत नाही, आणि ते घासून सुरू होत नाही. दोन स्क्रू आणि दोन तारा, पंधरा मिनिटांत जुनी प्लेट परत बसते. परवा डबा उघडला तर आत एक नवी कोरी काडेपेटीही होती.